नागपूरचं पांढरं पिंप

विजेवर पाणी तापवणारं पिंप मी पहिल्यांदा पाहिलं ते १९५६ च्या डिसेंबरात, आणि पाहताक्षणी मला त्याचा तिटकारा आला. तिटकारा येण्यासारखं त्यानं तोवर काही केलेलं नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. ते बिचारं बैलगाडीत गवतावर आडवं पडलं होतं आणि वरून पावडर लावल्यासारखं पांढरंशुभ्र होतं. पण गाडीच्या पुढे माझे दाजी चालत होते, आणि दाजींच्या चालण्यावरूनच मला कळलं की आता काही महिने आपल्याला या वस्तूच्या पाया पडायचं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मोतीलाल. केळीच्या दलालीत त्यांनी चांगले पैसे मिळवले होते आणि गावातल्या शनवारा मोहल्ल्यात सिमेंटचं दुमजली घर बांधलं होतं. माझी बायको वारल्यावर मी त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायचो आणि नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचो. ज्याच्या घरी राहतो, जेवतो, त्याच्याविषयी असं लिहावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. दाजी जाऊन आता वीस वर्षं झाली. माझंही फार उरलेलं नाही. तेव्हा लिहितो.

त्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली गेली होती. आमचं राज्य नावाने तेच राहिलं, पण त्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि नागपूरचे साहेबलोक पेट्या-पलंग बांधून कुणी भोपाळला, कुणी मुंबईकडे पांगले. असाच एक साहेब बंगल्यातलं सामान विकून मोकळा होत होता. दाजी केळीच्या कामाला नागपूरला गेले होते, ते साहेबाच्या न्हाणीघरातलं हे पिंप घेऊन आले.

"विलायती आहे," दाजी म्हणाले. "याला गीझर म्हणतात. सरकार गेलं भोपाळला, पण सरकारचं गरम पाणी आलं शनवाऱ्यात. क्या समझे, मास्तर?"

मी हसलो. दाजींच्या विनोदाला मी नेहमीच हसायचो. पुढे जे झालं त्यात या हसण्याचाही थोडा वाटा आहे.

तोवर आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी. सकाळी पाच वाजता अक्का, म्हणजे माझी बहीण मनकर्णा, तुरीच्या काड्या आणि चार गोवऱ्या टाकून तो पेटवायची, आणि सहाला सगळं घर न्हाऊन मोकळं. निखारे उरायचे ते शेगडीत जायचे, राख भांड्यांना. दाजींनी तो बंब त्याच आठवड्यात मोडीत दिला. "घरात धूर नको," ते म्हणाले. गोटू वायरमन येऊन पिंप भिंतीवर टांगून गेला. खटक्याची लोखंडी पेटी त्यानं न्हाणीघराबाहेर लावली आणि दाजींनी तिला कुलूप घातलं. कुणी अडाण्यानं हात लावू नये म्हणून. किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला.

आता या पिंपाचे गुण ऐका.

पिंपाला पाणी उंचावरून लागे. रस्त्यावरच्या नळाला तेवढा जोर नव्हता. म्हणून गच्चीवर एक टाकी बसवली, आणि ती भरायला उखर्डू नावाचा गडी रोज संध्याकाळी वीस बादल्या जिन्यानं वर न्यायचा. पाणी खाली आपोआप यावं म्हणून एक माणूस ते पाठीवर वर वाहत होता. मी एकदा हे दाजींच्या लक्षात आणून दिलं, म्हणजे तसा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तुम्ही फक्त चढणारा माणूस पाहता मास्तर, उतरणारं पाणी पाहत नाही." चार लोक बसले होते, सगळे हसले. मीही हसलो.

तापायला त्याला तास लागायचा, आणि तेही विजेच्या मर्जीवर. तेव्हा गावातली वीज म्हणजे कापडाच्या मिलचा उरलासुरला प्रसाद. मिल चालू असली की दिवे पिवळे पडायचे आणि पिंपातलं पाणी शिळ्या चहासारखं कोमट राहायचं. दोन बादल्या निघाल्या की तिसरी थंड. दाजी पहिले न्हायचे, मग पाहुणे असले तर पाहुणे, मग मी. अक्का आणि पोरीबाळी गार पाण्यानं न्हायच्या किंवा चुलीवर पातेलं ठेवायच्या. धूर नको म्हणून आणलेल्या यंत्राच्या घरात सकाळी धूर असायचाच. फक्त तो आता स्वयंपाकघरातून यायचा आणि दाजींना दिसायचा नाही.

आणि आवाज. आमच्याकडे भंडाऱ्याचं, म्हणजे जुन्या भुयारी कालव्याचं पाणी. डोंगरातून झिरपून येणारं, प्यायला गोड, पण चुन्याचं. ज्या भांड्यात ते रोज उकळतं त्याला आतून पांढरी खपली धरते. इथली बाई महिन्यातून एकदा चिंच आणि वाळू घेऊन बंबाच्या आत हात घालते आणि खपली खरवडते. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पाहूनच येतं. पिंपाला तर झाकणच नव्हतं. महिनाभरात ते आतून लाह्या फुटल्यासारखं तडतडायला लागलं. अक्का म्हणाली, "अहो, हे आतून खरवडायला पाहिजे." दाजी म्हणाले, "विलायती वस्तू आहे. तिला काय तुझी वाळू लावायची?"

पुढे ते फोडलं तेव्हा आत काय निघालं ते सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला जागा होणार नाही. पाणी तापवणारी जी सळई असते तिच्यावर बोटभर जाडीचा चुना बसला होता. त्या चुन्याच्या आत सळई स्वतःच्याच उष्णतेनं तडकली होती, आणि तडकीतून वीज पाण्यात उतरत होती. अशी वीज जमिनीत जावी म्हणून एक तार बांधायची असते. गोटूनं ती बांधली होती, पण गच्चीवरून येणाऱ्या नळीला. ती नळी वर टाकीत जायची, खाली न्हाणीघराच्या तोटीपाशी संपायची. जमिनीशी तिचा संबंधच नव्हता.

पण हे सगळं मागाहून. तेव्हा मला एवढंच कळत होतं की सकाळी तोटी सोडताना माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात.

मुंग्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तोटीकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं. माझा स्वभावच तसा. माझ्याकडे घरगुती वैद्यकाचं एक जाडं पुस्तक होतं. त्यात मी 'हातापायांस बधिरता' हे प्रकरण काढून वाचलं. तिथे दिलेल्या नऊ कारणांपैकी सात माझ्यात होती. अतिवाचन होतं, एकटेपणा होता, मंद पचन होतं. मी रात्रीचा भात सोडला. एका वहीत मी मुंग्यांची नोंद ठेवायला लागलो. सोमवारी किंचित. मंगळवारी किंचित. रविवारी जास्त. रविवारी जास्त का, तर शनिवारी रात्री मी उशिरापर्यंत वाचत बसतो म्हणून, असा मी निष्कर्ष काढला. इतकं शिकून माणूस किती मूर्ख राहू शकतो याला माझ्याजवळ ती वही पुरावा म्हणून होती. नंतर मी ती जाळली.

जानेवारीत माझी भाची मंगला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला रावेरला दिली होती, पाटलांच्या घरात. रावेर रेल्वेनं अर्ध्या तासाचं गाव, पण ते मुंबई राज्यात आणि आम्ही मध्य प्रदेशात, म्हणून दोन्ही व्याह्यांची एकमेकांच्या सरकारवरून टोलेबाजी चालायची. मंगलाला मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला मालूबाई यायला लागली. साठीची, काटक, शनवाऱ्यातली निम्मी माणसं तिच्या पायांवर न्हालेली. मंगलालाही तिनंच न्हाऊ घातलं होतं.

मालूबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बंब कुठं हाये?"

"मोडीत दिला," अक्का म्हणाली.

"मग शेक कशाचा देऊ पोरीले?"

कारण बाळंतिणीला नुसतं पाणी लागत नाही. न्हाणं झाल्यावर खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी लागते, वर ओवा-शेपांची धुरी. बंबात ते दोन्ही एका आगीवर व्हायचं. आता शेगडीसाठी अक्का वेगळी चूल पेटवायची, आणि न्हाण्याचं पाणी मात्र दाजींच्या हट्टानं पिंपातलंच यायचं. चूल पेटलेलीच आहे तर तिच्यावरच हंडा चढवावा, इतकी साधी गोष्ट त्या घरात कुणी मोठ्यानं बोलू शकत नव्हतं. मालूबाई न्हाणीघरातून तोटीखाली बादली भरून बाळंतिणीच्या खोलीत न्यायची आणि तिथे घंगाळात बाळाला न्हाऊ घालायची. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी बारसं. रविवार होता. रावेरहून व्याही सुकलाल पाटील आणि विहीणबाई धुरपदाबाई आदल्या संध्याकाळीच आले होते. दाजींनी त्यांना बसायला सांगायच्याही आधी न्हाणीघर दाखवलं.

"आहे का तुमच्या मुंबई राज्यात असं?" दाजींनी विचारलं.

सुकलाल पाटलांनी पिंपाकडे मान वर करून पाहिलं. "आमच्याकडे दूध ठेवायला असली टाकी असते."

"उद्या पाहा. बाळाचं न्हाणं उद्या इथंच, या तोटीखाली. सगळ्या बायका येऊन पाहतील. नुसती तोटी सोडायची आणि हर हर गंगे."

"घंगाळात काय वाईट आहे?" अक्का दारातून म्हणाली.

"घंगाळात तुम्ही-आम्ही न्हालो. माझा नातू का न्हाईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हायला गेलो. दाजी न्हाऊन, भांग पाडून बाहेर पडत होते. मी ओल्या फरशीवर उभा राहून तोटीला हात लावला आणि कुणीतरी दंडावर काठी मारावी तसा हात झटकला गेला. तांब्या उडून भिंतीवर आपटला. मी तसाच, अर्धा कोरडा, वर खोलीत गेलो आणि पुस्तक काढून बसलो. मला वाटलं, आता हा पक्षाघातच. दिवस शुभ आहे, घरात पाहुणे आहेत, दुपारी जेवणं होईपर्यंत कुणाला सांगू नये, असंही मी ठरवलं.

माझ्या खोलीची खिडकी मागच्या अंगणावर उघडते. खाली मालूबाई बाळाला तेल लावत होती आणि अक्का जवळ बसली होती.

"मनकर्णाबाई, माझा हात गेला वो," मालूबाई म्हणाली.

"काय झालं?"

"वात. दहा दिवस झाले, बादली भरताना या उजव्या हाताले मुंग्या येतात. आज लयच जोरात आला. तोटी धरली अन् धरूनच राहिली. सुटेच ना. मग दुसऱ्या हातानं लुगडं धरून ओढला."

"अगं मग बोलली नाहीस?"

"काय बोलू? बोलली तर म्हणाल म्हातारी झाली, दुसरी बाई पाहा."

मी पुस्तक मिटलं. तिच्यात अतिवाचन नव्हतं. तिला मंद पचन नव्हतं. तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं, आणि मुंग्या त्याच, तोच हात, तीच तोटी. मग मला आणखी एक गोष्ट जाणवली. मिलचा भोंगा आज झालेला नव्हता. रविवार. मिल बंद, म्हणून वीज पूर्ण जोरानं येत होती. माझ्या वहीत रविवारपुढे 'जास्त' का होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी ताडकन उठलो.

कारण मालूबाई न्हाऊ कशी घालते ते मला ठाऊक होतं. ओल्या फरशीवर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं, एक हात बाळावर आणि दुसरा पाण्यावर. आज तो दुसरा हात त्या तोटीवर असणार होता.

मी खाली उतरलो. ओटीवर दाजी व्याह्यांना गीझरची किंमत सांगत होते. मी म्हणालो, "दाजी, जरा..."

"या मास्तर! हे पाहा पाटीलसाहेब, आमचे साले साहब. यांना भूगोल, इतिहास सगळं तोंडपाठ, फक्त घराचा जिना चढताना पायऱ्या मोजतात."

"दाजी, एक महत्त्वाचं..."

"शाळेचं ना? उद्या. आज बारसं आहे."

आतून अक्कानं हाक मारली, "मालूबाई, घे बाळाला, पाणी तापलं." मी पाहिलं, बायका न्हाणीघराकडे निघाल्या होत्या. खटक्याच्या पेटीला कुलूप होतं. मला ओरडता आलं असतं. धीट माणूस ओरडला असता. मी खुंटीवरचा पंचा घेतला, बायकांच्या पुढून, मान खाली घालून, "जरा, जरा" म्हणत न्हाणीघरात शिरलो आणि आतून कडी लावली.

मग मी लाकडी पाट ओढून तोटीपासून लांबच्या कोपऱ्यात बसलो. वर पिंप तडतडत होतं.

दारावर थाप पडली. "आत कोण आहे?" दाजींचा आवाज.

"मी."

"मी कोण?"

"मीच."

"मास्तर? अहो तुमची सकाळीच झाली ना? दोन-दोनदा न्हाता की काय? थोडं गरम पाणी पोराला ठेवा."

मी पाय पाटावर ओढून घेतले.

"लवकर आटपा. बाया उघड्या बाळाला घेऊन उभ्या आहेत."

"मी येत नाही."

बाहेरून सुकलाल पाटील गंभीरपणे म्हणाले, "पोट बिघडलं असेल. रात्री भजी जास्त झाली त्यांना. मी पाहत होतो."

"पोटासाठी मागं संडास आहे!" दाजी म्हणाले. "मास्तर, बाहेर या!"

"तोटीला करंट येतो," मी म्हणालो.

"काय येतो?"

"करंट!" हे मात्र इतक्या मोठ्यानं निघालं की माझा मलाच आवाज परका वाटला. शेवटी तो फाटलाही.

बाहेर कुणीतरी हसलं. दाजी म्हणाले, "पुस्तकात वाचलं असेल. परवा मला सांगत होते, रात्री भात खाल्ला की हात बधिर होतो. अहो भले माणसा, दोन महिने रोज सकाळी या घरात पहिला कोण न्हातो? मी. मला कधी आला करंट? मी मेलो का?"

खरंच, दाजी रोज पहिले न्हायचे. गाणं म्हणत न्हायचे. ज्या माणसाला काही होत नाही त्याच्यापुढे ज्याला होतं त्यानं काय सांगायचं? मला पुन्हा पुस्तकातली ती नऊ कारणं आठवली. वाटलं, मालूबाईला खरंच वात असेल, मला खरंच काहीतरी असेल, आणि एका योगायोगावर मी बारशाच्या दिवशी, व्याह्यांसमोर, न्हाणीघरात कोंडून घेऊन बसलो आहे. मी उठलो. कडीवर हात ठेवला.

तेवढ्यात दाराच्या फटीशी कुणीतरी हळूच बोललं. "मास्तर, तुमालेबी?"

मालूबाई होती.

"मलाही," मी म्हणालो. "उजव्या हाताला."

"मायव! अन् मी रोज लसूण खात होती वातावर."

मग अक्काचा आवाज आला, फार हळू. "मला पण येतात मुंग्या. मला वाटलं, माझं वय झालं. बायकांना या वयात होतं म्हणतात काहीबाही."

"मालक, मी टाकीत पाणी टाकतो तवा मले बी कधी कधी झिणझिणी येते," हा उखर्डू. "म्या म्हटलं, बादल्यानं नस दबली."

शेवटी विहीणबाई धुरपदाबाई बोलल्या. "म्या सकाळी नुसते हात धुवायला गेले तर कोपरापर्यंत झटका. म्हटलं, मध्य प्रदेशातलं पाणी असंच असेल. पाहुण्यांनी काही बोलू नये."

म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ते लागत होतं आणि प्रत्येकानं ते आपल्याच अंगातली खोट म्हणून झाकून ठेवलं होतं. एका माणसाच्या गीझरला दोष देण्यापेक्षा आपल्या रक्ताला, आपल्या वयाला, आपल्या नशिबाला दोष देणं आम्हा सगळ्यांना सोपं वाटलं होतं. पण दाजी? दाजींना का नाही?

मी मान वर केली ती उगाच, त्यांच्या आवाजाकडे पाहायला नको म्हणून. दाराच्या वर एक उंच फळी होती. तिच्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि गोणपाटातून एक काळं रबरी टोक बाहेर आलं होतं. मी पाटावर चढून ते खाली काढलं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. लष्कराच्या जुन्या सामानात मिळतात तसे. आत बोट घातलं तर ओलं. डाव्या बुटाच्या तळाशी साबणाचा फेस होता, अजून न जिरलेला.

आमच्या घराला बाग नाही. शेतावर दाजी धोतर वर खोचून अनवाणी जायचे. मी ते बूट हातात धरून किती वेळ उभा राहिलो मला माहीत नाही. फार नसेन, कारण बाहेर दाजी अजून तेच वाक्य बोलत होते, "मला कधी काही झालं का?"

मी कडी काढली.

सगळे दारात होते. बोलायला मला कधीच नीट जमलेलं नाही. मी बूट माझ्या आणि दाजींच्या मध्ये फरशीवर ठेवले. एक आडवा झाला आणि त्यातून साबणाचं पाणी दाजींच्या नव्या धोतराकडे वाहत गेलं.

सुकलाल पाटलांनी बुटाकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. "हे घालून न्हाता तुम्ही?"

"गोटू म्हणाला होता," दाजी म्हणाले. "महिन्यापूर्वीच म्हणाला. थोडा येतो म्हणे करंट, किंचित, सगळ्याच यंत्रांना असतो. पायात रबर ठेवा म्हणे, काही होत नाही. आणि होत नाहीच!"

धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अंगावर आणखी काही असतं, व्याही, का नुसते बूटच?"

बायका हसल्या. उखर्डूही हसला. दाजी त्याच्याकडे डोळे वटारून पाहणार होते, पण त्यांचा स्वतःचाच डोळा बुटावरून हटेना. मला वाटलं, या हसण्यावर प्रकरण मिटेल. मिटलंही असतं. मंगला बाळाला घेऊन बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात कान बांधून उभी होती. ती हसली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मालूबाईसाठी असे बूट आणले होते का?"

"तिला कशाला? ती नुसती बादली भरते."

"आज बादली भरणार नव्हती. आज माझं बाळ पायांवर घेऊन बसणार होती. तोटीखाली."

"एका दिवसाचा तर प्रश्न होता," दाजी म्हणाले. "पाहुणे आले होते. एका दिवसानं काय होणार होतं?"

त्यांनी हे अगदी प्रामाणिकपणे विचारलं. मी त्या माणसाला पुष्कळ वर्षं ओळखत होतो. ते दुष्ट नव्हते. त्यांनी खरोखरच त्यावर विचार केला नव्हता. आपल्या पायांत रबर आहे, इथवर त्यांचा विचार गेला आणि तिथे तो पुरा झाला. दुष्ट माणसाचा मला इतका तिटकारा आला नसता.

सुकलाल पाटलांनी हात पुढे केला. "किल्ली द्या, व्याही. ते बंद करू."

दाजींना भिंतीकडे तोंड करून धोतर सैल करावं लागलं. गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. तोवर आम्ही सगळे इकडे-तिकडे पाहत उभे राहिलो. पेटी उघडली, खटका पडला आणि पिंपाची तडतड हळूहळू थांबली.

मालूबाईनं मंगलाच्या हातून बाळ घेतलं. "चला, अंगणात. शेजारच्या सोजरबाईकडून हंडा आणा कुणीतरी."

मी आणला. अक्कानं तीन विटा मांडल्या. दाजी ओटीवर जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले की गीझरमध्ये मुळात दोष नाही, नागपूरच्या साहेबानं जुना माल गळ्यात मारला. दुपारी जेवताना ते पुन्हा तेच सांगत होते, आणि चार माणसं माना हलवत होती.

विस्तव पेटवायचं काम मी मागून घेतलं. काड्या ओल्या होत्या की मला जमत नव्हतं, धूर मात्र पुष्कळ झाला.

"मास्तर, फुंकता का नुसते पाहता?" मालूबाई म्हणाली. "तिकडून घाला. तिकडून! पोरं शिकवता का धूर शिकवता?"

अखेर पाण्याला आधण आलं. तिनं ते घंगाळात ओतलं, गार पाणी घातलं, आणि जमिनीवर बसून पाय लांब केले. बाळ तिच्या नडग्यांवर पालथं झालं. तेलानं चकचकीत, लाल, रागावलेलं.

"हात घालून पाहा," ती मला म्हणाली. "माझे तेलाचे हायेत."

मी घंगाळाकडे हात नेला आणि पाण्याच्या वर चार बोटांवर तो थांबला. साधं पाणी होतं. तीन विटांवर, माझ्या डोळ्यांदेखत तापलेलं. मला ते ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

मालूबाई माझ्या हाताकडे पाहत होती. हसली नाही. "घाला," म्हणाली. "हे नाही चावत."

मी कोपर बुडवलं. "ठीक आहे," मी म्हणालो.

तिनं दोन बोटांनी पाणी चाचपलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगावं. "ठीक? पोळून निघेल लेकरू. आणा तिकडून गार तांब्याभर."

मी तांब्या घेऊन उठलो.